सुट्यांना बंद, जोडीला खुलं: पेशीचं एक दार

प्रथिनं पचली की त्यांची अमिनो आम्लं होतात आणि ती रक्तात शोषली जातात, हे शाळेत सगळेच शिकतात. त्यातला ‘शोषली जातात’ हा शब्द मला नेहमी अपुरा वाटतो, कारण खरी गंमत तिथेच दडलेली आहे.

पेशीचं पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाड असतं, पण त्याचा गाभा मेदाचा असतो. शरीरातल्या पाण्यात अमिनो आम्लाच्या एका टोकाला धन भार असतो, दुसऱ्या टोकाला ऋण. अशा भारित टोकांना पाण्याचे रेणू घट्ट बिलगून असतात. मेदात शिरायचं तर त्यांना मागे सोडावं लागतं आणि त्याला बरीच ऊर्जा लागते. त्यामुळे भार नसलेला ऑक्सिजन पटलातून सहज आरपार जातो, पण ग्लायसिन हे सगळ्यात छोटं अमिनो आम्लही आपणहून जवळपास जातच नाही.

त्यासाठी पटलात वाहक प्रथिनं असतात. त्यातली बरीचशी सोडियमच्या जोरावर चालतात. पेशीतला पंप एका एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) मोबदल्यात ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. आत सोडियमचा तुटवडा झाला, की बाहेरचा सोडियम आत यायला धडपडतो. वाहक त्याला वाट देतो, आणि त्याच फेरीत अमिनो आम्लालाही आत आणतो.

हे दारच जन्मतः बिघडलेलं असेल तर? लंडनमधल्या डॉक्टरांनी १९५६ साली असा एक आनुवंशिक आजार नोंदवला. तो हार्टनप आजार म्हणून ओळखला जातो. त्यात ट्रिप्टोफॅनसह अनेक उदासीन (एकूण भार शून्य असलेली) अमिनो आम्लं आतड्यात नीट शोषली जात नाहीत आणि मूत्रपिंडातून वाहून जातात. ट्रिप्टोफॅनपासून शरीर नायसिन हे जीवनसत्त्व बनवतं, ते कमी पडलं की काहींना उन्हाने अंगावर चट्टे उठतात, चालताना तोल जातो. पण यातली कित्येक अमिनो आम्लं शरीराला स्वतः बनवताच येत नाहीत. तरीही बहुतेक रुग्णांची वाढ ठीक होते. मग त्यांना ती मिळतात कुठून?

१९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात याचा उलगडा झाला. रुग्णांना सुटं ट्रिप्टोफॅन दिलं तेव्हा ते नीट शोषलं गेलं नाही. तेच ग्लायसिनला जोडून, दोन मण्यांचं पेप्टाइड (म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ) करून दिलं, तेव्हा मात्र आत गेलं. म्हणजे जोडीसाठी वेगळं दार होतं, आणि ते शाबूत होतं. मला तर शरीरविज्ञानातला हा सगळ्यात सुंदर पुरावा वाटतो.

या दाराचं नाव पेप्टी-१. त्याचं जनुक १९९४ साली हाती लागलं. २० अमिनो आम्लांपासून दोन मण्यांच्या ४०० जोड्या बनतात आणि तीन मण्यांचे ८,००० प्रकार. हे एकच प्रथिन त्यातल्या बहुतेकांना वाट देतं. चार मण्यांची माळ मात्र जात नाही. याचं कारण त्याच्या पकडीत आहे: ते पेप्टाइडची दोन टोकं आणि मधला कणा धरतं. बाजूच्या साखळ्यांसाठी (प्रत्येक अमिनो आम्लाच्या वेगळ्या असणाऱ्या भागासाठी) ऐसपैस कप्पे असतात, त्यात लहानमोठं बरंच काही मावतं. इथे जोर सोडियमचा नसून प्रोटॉनचा असतो. आतड्याच्या पेशींलगतचा थर किंचित आम्लधर्मी असतो, तिथून प्रोटॉन पेप्टाइडसोबत या प्रथिनाच्या खिशात शिरतो. मग बाहेरचं तोंड मिटतं, आतलं उघडतं आणि दोघेही पेशीत उतरतात. दोन्ही तोंडं एकाच वेळी कधीच उघडी नसतात. आत एन्झाइम पेप्टाइड तोडतात आणि सुटे मणी पेशीच्या दुसऱ्या बाजूच्या वाहकांतून रक्ताकडे जातात.

दाराची ही उदार पकड औषधांच्याही कामी आली. नागीण झाल्यावर देतात ते असायक्लोव्हिर गोळीतून घेतलं तर फार थोडं रक्तात पोहोचतं. त्याला व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडलं की व्हॅलासायक्लोव्हिर तयार होतं. त्यात दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध नाही, तरी पेप्टी-१ त्याला आत घेतं. पुढे एन्झाइम व्हॅलिन कापून काढतात, आणि निम्म्याच्या आसपास असायक्लोव्हिर रक्ताला मिळतं.