गॉन्टलेट (आर्केड गेम)

गॉन्टलेट हा अटारी गेम्स या अमेरिकी कंपनीने १९८५ साली आणलेला, एका वेळी चौघांना खेळता येणारा आर्केड गेम, म्हणजे पार्लरमध्ये नाणे टाकून खेळायचा गेम आहे. वरून पाहिल्यासारखा दिसणारा भुलभुलय्या, त्यात भुतांचे थवे, चाव्या, बंद दारे, खाण्यापिण्याच्या वस्तू आणि कुठेतरी बाहेर पडण्याची वाट, असे त्याचे स्वरूप. रचना एड लॉग यांची. ॲस्टरॉइड्स (१९७९) आणि डोना बेली यांच्या जोडीने केलेला सेंटिपीड (१९८१) हे त्यांचे आधीचे गाजलेले खेळ. इंग्रजीत गॉन्टलेट म्हणजे चिलखताचा हातमोजा. दोन्ही बाजूंनी फटके मारणाऱ्या माणसांच्या रांगांमधून पळत जाण्याची एक जुनी लष्करी शिक्षाही याच शब्दाने ओळखली जाते. खेळताना हा दुसरा अर्थच जास्त पटतो.

उगम

१९८३ च्या पडझडीत अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोलमडला. पुढच्याच वर्षी अटारीची मालक असलेल्या वॉर्नर कंपनीने तिचे दोन तुकडे केले. घरगुती यंत्रांचा विभाग जॅक ट्रॅमिएल यांना विकला गेला आणि आर्केडचा विभाग अटारी गेम्स या नावाने उरला. १९८५ मध्ये त्यातही जपानच्या नामको कंपनीने मोठा हिस्सा घेतला. पार्लरवाल्यांचे हिशेब त्या काळी काटेकोर झाले होते: यंत्राने जितकी जागा अडवली तितका गल्ला जमला पाहिजे. चौघे एकाच पडद्यासमोर उभे राहून चार फटींतून नाणी टाकतील, असे यंत्र म्हणूनच त्यांच्या डोळ्यांत भरले.

कल्पना मात्र धंद्याच्या बैठकीत सुचलेली नव्हती. लॉग यांच्या मुलाला डन्जन्स अँड ड्रॅगन्स या कागद, फासे आणि कल्पनाशक्तीवर चालणाऱ्या खेळाचे वेड होते आणि तसा काहीतरी गेम करा म्हणून तो मागे लागला होता. दुसरा धागा डँडी या संगणक गेमचा. एमआयटीतील विद्यार्थी जॅक पॅलेविच यांनी प्रबंधासाठी केलेला हा खेळ अटारी प्रोग्राम एक्स्चेंजने १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. डँडी हे नाव ‘डी अँड डी’ भरभर म्हटल्यावर होते तेच. चार जॉयस्टिक लावता येणाऱ्या अटारी संगणकावर चौघे मिळून भुलभुलय्यात उतरत, भुते निर्माण करणारे अड्डे फोडत आणि खाऊन शक्ती भरून काढत. गॉन्टलेट पाहिलेल्या कुणालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल, पॅलेविचनाही वाटले. त्यांनी दाव्याचा इशारा दिला, पण प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत गेले नाही. आपसात मिटले आणि पॅलेविच यांना गॉन्टलेटचे एक यंत्र मिळाले.

खेळाचे आधी ठरलेले नाव डन्जन्स होते, ते ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे सोडावे लागले. एकूण ७,८४८ यंत्रे विकली गेली.

खेळ

यंत्राच्या फळीवर चार जागा. लाल जागेवर थॉर हा वॉरियर, निळ्यावर थायरा ही वाल्किरी, पिवळ्यावर मर्लिन हा विझार्ड, हिरव्यावर क्वेस्टर हा एल्फ. थॉरचा अंगाला भिडण्यात हात कुणी धरत नाही, पण जादूत तो कच्चा. थायराचे चिलखत सर्वांत भक्कम. मर्लिनच्या हातून जादूच्या औषधाची बाटली फुटली की सर्वांत मोठा विध्वंस होतो. क्वेस्टर सर्वांत चपळ. पात्र जागेला बांधलेले असल्याने मर्लिन हवा असेल तर पिवळ्या जागेवरच उभे राहावे लागे. तिथे कुणी आधीच असेल तर थायरा किंवा क्वेस्टरवर भागवायचे. ही सक्ती १९८६ च्या गॉन्टलेट २ मध्ये काढली. तिथे चौघांनी चार एल्फ घेतले तरी चालते, ओळख फक्त रंगावरून.

या खेळात ‘जीव’ नाहीत. पडद्यावर प्रत्येकाच्या नावाखाली शक्तीचा आकडा असतो आणि तो आपोआप उतरत राहतो. कुणी मारो न मारो, नुसते उभे राहिले तरी साधारण सेकंदाला एक. अनेक यंत्रांवर एका नाण्याला ७०० शक्ती मिळे. किती द्यायची हे मालक ठरवू शकत असे. अन्नाचे ताट सापडले तर शंभर वाढते. भूत अंगावर येऊन आदळले की शक्ती खाऊन स्वतःही नाहीसे होते. ‘डेथ’ हा काळा आकार मात्र चिकटतो आणि दोनशेपर्यंत शक्ती शोषून मगच सोडतो. त्याच्यावर बाण, कुऱ्हाड काही चालत नाही, फक्त जादूची बाटली. भुतांचे अड्डे फोडले नाहीत तर ती संपत नाहीत, आणि अड्डे फोडत बसावे तर घड्याळ थांबत नाही.

आकडा संपत आला की फटीत आणखी एक नाणे टाकायचे आणि जिथे आहोत तिथूनच पुढे जायचे. बाजूला उभा राहून बघणाराही मध्येच नाणे टाकून सामील होऊ शकतो. आज हे इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे नावीन्य लक्षात येत नाही. १९८५ च्या पार्लरमध्ये मात्र चालू खेळात घुसण्याची अशी मोकळीक दुर्मीळ होती. खेळाला शेवट नाही. शंभरावर भुलभुलय्ये आहेत. पहिले काही ठरलेल्या क्रमाने येतात, मग यंत्र त्यांत फेरफार करून ते पुढे देत राहते. हरणे म्हणजे खिशातली नाणी संपणे.

चौघांच्या मैत्रीची परीक्षा अन्नावर होते. ताट एकच, जो आधी पोहोचेल त्याचे. आकडा साठवर आलेल्या मर्लिनला वाट करून देण्याऐवजी सहाशेवाला थॉर ते उचलतो, आणि यंत्र वरून सगळ्यांना ऐकू जाईल असे जाहीर करते की विझार्डला अन्नाची नितांत गरज आहे. काही अन्न बाण लागला की नष्ट होते. तेव्हाही आवाज गुन्हेगाराचे नाव घेऊन सांगतो: एल्फने अन्नावर बाण मारला! हा चहाडखोर निवेदक म्हणजे गॉन्टलेटचा अर्धा जीव. भांडण पडद्यावर कमी आणि पडद्यासमोर जास्त व्हावे, याची सोय त्याने करून ठेवली आहे.

दुसरी गंमत पडद्याची. भुलभुलय्या पडद्याहून मोठा, आणि चौघांना एकाच चौकटीत मावायचे असते. एकजण खजिन्यापाशी रेंगाळला की उरलेले तिघे पडद्याच्या कडेला अडून बसतात. चित्र पुढे सरकतच नाही. अगदीच कुणी हलले नाही तर यंत्रच वैतागते: आधी सगळी दारे उघडतात, आणि त्यानंतरही तसेच राहिले तर भिंतींच्याच बाहेर पडण्याच्या वाटा होतात. नाणे न टाकता जागा अडवून बसलेल्यांना हुसकण्याचा हा सभ्य मार्ग.

यंत्र

आत मुख्य प्रोसेसर मोटोरोला ६८०१०, सुमारे ७.१६ मेगाहर्ट्झचा. आवाजासाठी वेगळा ६५०२ प्रोसेसर आणि त्याच्या हाताखाली तीन चिपा: संगीताला यामाहाची वायएम२१५१, खटखट-फटफट आवाजांना अटारीची स्वतःची पोकी आणि बोलण्यासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस५२२०. ही शेवटची चिप आवाजाचे रेकॉर्डिंग वाजवत नाही. माणसाचा घसा आणि तोंड यांचे गणिती प्रतिरूप वापरून थोड्याशा माहितीवरून ती शब्द घडवते. ‘स्पीक अँड स्पेल’ या मुलांच्या खेळण्यात याच घराण्यातली चिप होती. निवेदकाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच.

चित्र ३३६ गुणिले २४० ठिपक्यांचे. भुतांचे थवेच्या थवे न अडखळता हलवता यावेत म्हणून हलत्या आकृत्यांसाठी खास सर्किट होते. घरगुती आवृत्त्यांना हे झेपले नाही. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये यूएस गोल्डने झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ वगैरेंवर आणलेले गॉन्टलेट भरपूर खपले, पण ते दोघांचे. अटारी गेम्सच्याच टेंगेन या उपकंपनीने निन्टेन्डोच्या यंत्रावर केलेला गॉन्टलेट तर पासवर्ड आणि शेवट असलेला जवळजवळ वेगळाच खेळ आहे. मूळ खेळ जसाच्या तसा घरी यायला एम्युलेशनची वाट पाहावी लागली.

एम्युलेशन

खेळ नव्या संगणकासाठी पुन्हा लिहिला की ती नवी आवृत्ती झाली. एम्युलेशनमध्ये खेळाला हातच लावत नाहीत. जुन्या यंत्रातील प्रत्येक चिप कशी वागते ते सॉफ्टवेअरमध्ये उतरवायचे आणि १९८५ मध्ये रॉमच्या, म्हणजे प्रोग्राम कायमचा साठवणाऱ्या, चिपांत भरलेला मूळ प्रोग्राम त्यावर चालवायचा. प्रोग्रामला वाटते आपण अजून त्याच लाकडी कपाटात आहोत. या क्षेत्रातला सर्वांत मोठा प्रकल्प म्हणजे मेम. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी त्याची पहिली आवृत्ती ५ फेब्रुवारी १९९७ रोजी प्रसिद्ध केली. त्याचा आरंभ पॅक-मॅनच्या सर्किटवर चालणारे खेळ एकत्र चालवण्याच्या खटपटीतून झाला, म्हणजे तोही भुलभुलय्यातूनच. महाराष्ट्रात पार्लरमध्ये वाढलेल्या अनेकांना हे नाव ठाऊक नसले तरी काम ठाऊक असते. ‘मुस्तफा’ म्हणून आपल्याकडे गाजलेला कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स (१९९३) पुढे घरच्या संगणकावर चालू लागला तो अशाच एम्युलेटरवर.

गॉन्टलेटच्या बाबतीत अडचण प्रोसेसरची नव्हती. ६८०१० च्या घराण्याची पुस्तके बाजारात मिळत होती. अडचण स्लॅपस्टिक नावाच्या एका चिपेची. खेळाची चोरून नक्कल करणाऱ्यांना रोखण्यासाठीच अटारीने ती केली होती. प्रोग्रामचा एक भाग चार कप्प्यांत, म्हणजे चार बँकांत, ठेवलेला असतो आणि एका वेळी त्यातला एकच प्रोसेसरला दिसतो. कप्पा बदलायचा हुकूम मात्र कुठे लिहून पाठवत नाहीत. स्लॅपस्टिक नुसती पत्त्यांच्या, म्हणजे प्रोसेसर स्मृतीतली कोणती जागा वाचतो ते सांगणाऱ्या, तारांवर नजर ठेवून बसते. प्रोसेसरने आधी एक ठरावीक पत्ता वाचला की ती सावध होते, आणि त्यानंतर विशिष्ट पत्ते विशिष्ट क्रमाने वाचले गेले की गुपचूप कप्पा बदलते. रॉमच्या चिपा हुबेहूब उतरवून चोरट्या बोर्डावर बसवल्या तरी क्रम ओळखणारी ही राखणदार तिथे नसते, म्हणून खेळ भलत्याच कप्प्यात वाचू लागतो आणि कोसळतो. वर स्लॅपस्टिकचेही अनेक प्रकार. गॉन्टलेटची १०४ क्रमांकाची, गॉन्टलेट २ ची १०६.

नकलाकारांना जी अडचण, तीच जतन करणाऱ्यांना. फरक इतकाच की जतन करणाऱ्यांना चिप चुकवायची नव्हती, समजून घ्यायची होती. कोणता पत्ता वाचल्यावर काय दिसते याची चिकाटीने नोंद करून तिचे नियम बाहेर काढले गेले. मेममधला गॉन्टलेटचा भाग लिहिणारे आरन जाइल्स यांचा या कामात मोठा वाटा. यात वेगाइतकाच क्रमही महत्त्वाचा असतो: खऱ्या प्रोसेसरने जे पत्ते ज्या ओळीने वाचले असते, त्याच ओळीने एम्युलेटरने वाचले नाहीत तर कप्पा हुकतो. कमी अचूक एम्युलेटरवर इतर खेळ सुरळीत चालावेत आणि अटारीचे अडखळावेत, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

रॉमच्याही अनेक आवृत्त्या आहेत. अटारी त्या दुरुस्त करून पाठवत राहिली. इंग्रजीशिवाय जर्मन, स्पॅनिश, जपानी अशाही आहेत, आणि दोघांसाठीचे वेगळे यंत्रही निघाले होते. मेम या सगळ्या वेगवेगळ्या नोंदवते. दोन गावांतले मित्र नेटवरून एकत्र खेळणार असतील तर हे महत्त्वाचे ठरते. दोन्हीकडे रॉमची तीच आवृत्ती आणि तीच सेटिंग लागते, नाहीतर दोन पडद्यांवरचे खेळ हळूहळू वेगळे होत जातात आणि एकाकडे मेलेले भूत दुसऱ्याकडे जिवंत असते.

एम्युलेटर वापरण्यात गैर काही नाही. रॉमवरचे हक्क मात्र शाबूत आहेत. अटारी गेम्स पुढे मिडवेकडे गेली आणि २००९ मध्ये मिडवेची मालमत्ता वॉर्नरने घेतली, म्हणजे गॉन्टलेट फिरून वॉर्नरच्या घरी आला. परवान्याने केलेली एम्युलेशनही आहेत. २००३ च्या मिडवे आर्केड ट्रेझर्स या संग्रहात मूळ गॉन्टलेट आहे.

घरी चौघांनी खेळायचे म्हटले की पहिली अडचण की-बोर्डची. मेममध्ये पहिल्याला बाणांच्या कळा, दुसऱ्याला आर-एफ-डी-जी, तिसऱ्याला आय-के-जे-एल. चौघे तिरके पळत बाण मारू लागले की एका वेळी बारा कळा दाबलेल्या असतात. साध्या की-बोर्डात कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात आणि चौकोनाचे तीन कोपरे दाबले की चौथाही दाबल्यासारखा दिसतो. त्यामुळे की-बोर्ड अशा कळा सरळ दुर्लक्षितो. थॉर धावत असेपर्यंत मर्लिनला हातच उचलता येत नाही. गेमपॅड जोडणे हा उपाय. हौशी लोक तर प्लायवूडचे कपाट बनवून चार जॉयस्टिक बसवतात.

दुसरी अडचण उलट आहे, ती म्हणजे अति सोय. पाच, सहा, सात, आठ या आकड्यांच्या कळा म्हणजे नाण्यांच्या चार फटी, आणि कळेला पैसे पडत नाहीत. आकडा पन्नासवर आला, दाब कळ. अन्नावरून भांडायचे कारणच उरत नाही. निवेदक अन्नाची गरज ओरडून सांगतो आणि कुणी मान वर करत नाही. अर्ध्या तासात भुलभुलय्ये एकसारखे वाटू लागतात. मुरलेले खेळाडू म्हणून सुरुवातीलाच ठरवून घेतात: माणशी तीन नाणी, पुढे बघत बसायचे. मेममध्ये एफ-२ दाबले की पार्लरमालकासाठीचा सर्व्हिस मेन्यूही उघडतो. मालक जो बघत असे तोच. एका नाण्याला किती शक्ती द्यायची ते तिथे ठरते, आणि आता तो आकडा कमी करणारा माणूस खेळणाराच असतो.