‘किमान कौशल्य’चा निकाल: आकड्यांमागची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात बारावीच्या निकालाच्या दिवशी शाखानिहाय तक्ता येतो. विज्ञान, कला, वाणिज्य, आणि खाली एक ओळ: व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजेच लोकांच्या तोंडचं ‘किमान कौशल्य’. 2024 मध्ये विज्ञानाचा निकाल 97.82 टक्के, वाणिज्यचा 92.18, कलेचा 85.88 आणि व्यवसायाचा 87.75 टक्के लागला. 2025 मध्ये व्यवसायाची ओळ 83.26 वर आली. तेवढ्यावरून ‘व्होकेशनलची मुलं मागे पडली’ असं म्हणून लोक मोकळे होतात. त्या ओळीत कोणती मुलं येतात आणि कोणती येत नाहीत, हे आधी पाहायला हवं.

हाताचं काम आणि पुस्तकी शिक्षण यांची फाळणी जुनीच. 1882 च्या हंटर शिक्षण आयोगाने शाळेच्या वरच्या वर्गांत दोन वाटा सुचवल्या होत्या, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यवहाराकडे. दुसरीकडे फारसं कोणी वळलं नाही. स्वातंत्र्यानंतर बहुउद्देशीय शाळा आल्या, टेक्निकल हायस्कूलं आली. 1964-66 च्या कोठारी शिक्षण आयोगाने दहावीनंतरच्या दोन वर्षांत व्यवसाय शिक्षणाला मोठी जागा मागितली. त्यानंतर 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लक्ष्य ठरवलं: उच्च माध्यमिकच्या 10 टक्के विद्यार्थ्यांना 1990 पर्यंत आणि 25 टक्क्यांना 1995 पर्यंत या वाटेवर आणायचं. 1992 मध्ये दोन्ही मुदती पाच-पाच वर्षं पुढे गेल्या. महाराष्ट्रात 2024 च्या बारावीला नोंदणी केलेले 15,13,909 विद्यार्थी होते, त्यांतले व्यवसाय शाखेचे 37,226. म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत.

इतकं कमी का, याचं एक उत्तर मला नावातच दिसतं. 1988 च्या केंद्रीय योजनेनंतर राज्यात जे वर्ग उघडले, त्यांचं नाव ‘किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम’. कॉलेजात त्याला एमसीव्हीसी म्हणतात, गावात नुसतं ‘किमान कौशल्य’. यातल्या ‘किमान’चा अर्थ चांगला होता. वायरमनला, लॅब टेक्निशियनला, फळबागेत काम करणाऱ्याला इतकं तरी आलंच पाहिजे, त्याखाली प्रमाणपत्र नाही, असा तो दर्जाचा उंबरठा. पण मराठी कानाला ‘किमान’ म्हणजे थोडकं. ‘किमान वेतन’मधलं किमान. पालकांनी ते तसंच ऐकलं: कमीत कमी कौशल्य, कमी मार्कांच्या मुलांसाठी. प्रवेशाच्या खिडकीवर ‘सायन्सला नाही लागला, तर किमान कौशल्यला टाका’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. पुढे कागदोपत्री नाव बदललं, बोलण्यातलं बदललं नाही. एका शब्दाने इतकं होतं का, असं कोणी विचारेल. एकट्या शब्दाने नाही. पण जो गाळणीचा व्यवहार आधीपासून चालू होता, त्याला या नावाने सरकारी शिक्का दिला, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा गुंता विज्ञान शाखेतल्या द्विलक्ष्यी अभ्यासक्रमाचा, म्हणजे बायफोकलचा. तिथे मूल दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय सोडून 200 गुणांचा व्यवसाय विषय घेतं: इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स, फिश प्रोसेसिंग. निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे. ज्यांना इंजिनिअरिंगला जायचं असतं ती मुलं यासाठी रांग लावतात, कारण गुण चांगले पडतात आणि भौतिक-रसायनाला वेळ उरतो. हेही व्यवसाय शिक्षणच, पण ही मुलं निकालाच्या तक्त्यात विज्ञानाच्या ओळीत मोजली जातात. दहावीला भरपूर गुण घेऊन व्यवसाय विषय शिकणारा विद्यार्थी ‘व्यवसाय’ या ओळीत दिसतच नाही. तिथे उरतात ती बहुतेक दहावीला काठावर पास झालेली, घरी शेती किंवा मजुरी असलेली, अनेकदा घरातली पहिलीच पिढी शिकणारी मुलं. तरीही 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी ही ओळ कलेच्या वर राहिली, आणि हे बातम्यांत कोणी ठळक केलं नाही.

छोट्या कॉलेजात आकडे आणखी फसवे होतात. वीस मुलांच्या तुकडीत एक मूल इंग्रजीत अडकलं की निकाल सरळ 5 टक्क्यांनी उतरतो. एका वर्षी शंभर, पुढच्या वर्षी नव्वद, यात शिकवण्याचा फरक असेलच असं नाही. मुलं अडतात ती बहुधा इंग्रजीत. इंग्रजी, दुसरी भाषा आणि सामान्य पायाभूत अभ्यासक्रम यांच्याबरोबर व्यवसायाचे तीन पेपर आणि त्यांची प्रात्यक्षिकं, अशी रचना आहे. मोटार उघडून परत बसवणारा मुलगा पत्रलेखनात थांबतो. मुलामुलींची विभागणीही गटांप्रमाणे ठरून गेलेली: तांत्रिक गटात मुलगे, अर्धवैद्यकीय आणि गृहशास्त्र गटांत मुली, वाणिज्य गटात दोन्ही. त्यामुळे एखाद्या कॉलेजात कोणता गट आहे, यावरच तिथल्या निकालाचा कल बराच ठरतो. कारण मुलींचा निकाल वरचा असतो: 2024 ला राज्यात सगळ्या शाखा मिळून तो 95.44 टक्के होता, मुलांचा 91.60.

पास-नापासच्या पलीकडचं मोजमाप तर तक्त्यात येतच नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात 1986 ला दुरुस्ती झाली आणि बारावी व्यवसायच्या मुलांना विद्यावेतनासह उमेदवारीचा रस्ता खुला झाला. तांत्रिक गटातल्या मुलांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ताही आहे. कॉलेजचं काम जोखायचं तर हे मोजायला हवं: किती मुलं उमेदवारीला लागली, किती डिप्लोमाला गेली, किती मुलींनी लॅबमध्ये नोकरी धरली. 2020 च्या धोरणाने 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असं म्हटलं, आणि हल्ली निकालात आयटीआयची वेगळी ओळही येते; 2024 ला त्या ओळीत 4,750 विद्यार्थी होते. बायफोकलची मुलं मात्र अजून विज्ञानातच मोजली जातात.