कृपादानांचे स्थायित्व

पवित्र आत्म्याकडून मिळणारी कृपादाने माणसाजवळ कायम राहतात की प्रसंगाप्रसंगाने नव्याने दिली जातात, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील जुना प्रश्न आहे. संदेश देणे (म्हणजे भविष्यवाणी), रोग बरे करणे, न शिकलेल्या अन्य भाषा बोलणे, शिकवणे अशा दानांच्या याद्या नव्या करारातील प्रेषित पौलाच्या पत्रांत आहेत (१ करिंथ १२, रोम १२, इफिस ४). त्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत.

या प्रश्नात दोन वाद मिसळलेले असतात. चमत्कारिक दाने प्रेषितांच्या काळाबरोबर संपली का, हा पहिला. ज्याला दान मिळाले त्याच्या ते हुकमतीत असते का, हा दुसरा. गाजला तो पहिला. मंडळीच्या (चर्चच्या) रोजच्या व्यवहारात मात्र दुसराच अधिक अडतो.

पहिल्या वादाचा आधार १ करिंथ १३:८-१० हा उतारा. पूर्णत्व आल्यावर संदेश व भाषा संपतील, असे तेथे म्हटले आहे. पूर्णत्व म्हणजे नव्या कराराचे लेखन पुरे होणे, असे दाने संपली मानणाऱ्यांपैकी काही जण म्हणतात. पण लगेच पुढे ‘समोरासमोर’ पाहण्याची भाषा येते, त्यामुळे ख्रिस्ताचे पुनरागमन हा अर्थ अधिक सरळ वाटतो. प्रिन्स्टनचे धर्मशास्त्रज्ञ बेंजामिन वॉरफील्ड यांनी १९१८ मध्ये वेगळा युक्तिवाद केला : ही दाने प्रेषितांचा अधिकार सिद्ध करण्यासाठी होती, म्हणून ती त्यांच्याबरोबरच सरली. संत ऑगस्टीनही आरंभी चमत्कारांचा काळ मागे पडला असे मानत. उतारवयात त्यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात हिप्पो येथे दोन वर्षांच्या आत नोंदल्या गेलेल्या सुमारे सत्तर चमत्कारांचा उल्लेख केला.

दुसऱ्या प्रश्नाचा सर्वांत नेटका विचार तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी केला. त्यांच्या मते भविष्यवाणीचा प्रकाश संदेष्ट्याच्या मनात सूर्यप्रकाश हवेत असतो तसा असतो. सूर्य गेला की हवेजवळ काही उरत नाही. दाखला अलीशा या संदेष्ट्याचा : शूनेमच्या स्त्रीचे दुःख परमेश्वराने आपल्यापासून लपवले, असे तो स्वतःच सांगतो (२ राजे ४:२७). याउलट यशया ११ वर आधारलेली ज्ञान, समंजसपणा, सामर्थ्य इत्यादी सात दाने अक्वायनस स्थायी वृत्ती मानतात. कॅथलिक शिकवणीत हा भेद आजही टिकून आहे.

पौलाच्या चरित्रातही हेच दिसते. त्याच्या हातून अनेक जण बरे झाले, तरी त्रफिम या आपल्या सहकाऱ्याला त्याने आजारी अवस्थेत मिलेतात ठेवले (२ तीमथ्य ४:२०). हुकमी दान असते तर तसे करावे लागले नसते. मात्र तीमथ्य या आपल्या शिष्याला तो त्याच्या ठायी असलेले कृपादान प्रज्वलित करायला सांगतो (२ तीमथ्य १:६), म्हणजे काहीतरी राहतेच. रोम ११:२९ मध्ये देवाची कृपादाने मागे घेतली जात नाहीत असे आहे. हे वचन इस्राएलाच्या निवडीबद्दल आहे. वागणे घसरलेल्या उपदेशकाचे दान शाबूत आहे हे दाखवण्यासाठी ते पुढे करणे ओढूनताणून केलेले आहे.

विसाव्या शतकात वाद पुन्हा पेटला. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रमातील मुलींत मोठी आध्यात्मिक जागृती झाली आणि पुढे अन्य भाषा बोलल्याचेही अनुभव आले. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीने जोर धरला. रमाबाईंनी अन्य भाषांचा अनुभव नाकारला नाही, पण तो प्रत्येकाला आलाच पाहिजे असेही मानले नाही. अमेरिकेत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल पंथाने मात्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची (पवित्र आत्म्याने भरून जाण्याच्या अनुभवाची) प्राथमिक खूण म्हणून त्याचा आग्रह धरला. तरीही ही खूण आणि अन्य भाषांचे कृपादान यांचे स्वरूप एक, पण हेतू व वापर वेगळा, असे त्यांच्या १९१६ च्या सिद्धांतपत्रात म्हटले आहे. त्यामुळे मंडळीसमोर अन्य भाषेत बोलण्याचे दान प्रत्येकाला लाभते असे तेथेही मानत नाहीत.