यंत्राने फळ तोडायचे, तर झाड कसे हवे?

सफरचंद तोडणारा सरावाचा माणूस फळ ओढत नाही. ते तळव्यात धरून वर उचलतो, जरासे पिळतो, आणि देठासकट फळ फांदीपासून अलगद सुटते. एवढीशी हालचाल यंत्राकडून करून घेण्यासाठी अभियंते पन्नासहून अधिक वर्षे झटत आहेत.

सुरुवात सोप्या बाजूने झाली. झाड हलवायचे, पडेल ते गोळा करायचे. अक्रोड-बदामाला कवच असते, पडून त्यांचे काही बिघडत नाही. पुढे अमेरिकेत मेक्सिकोतून हंगामी मजूर आणणारी ‘ब्रासेरो’ योजना १९६४ अखेर बंद झाली आणि इतर फळांसाठीही यंत्रांची निकड वाढली. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात फ्रिडली आणि एड्रियन यांनी हलवणी यंत्रांचा कसून अभ्यास केला. खोडाला किंवा फांदीला पकड बसवायची, यंत्रात असमतोल वजने फिरवायची आणि त्या कंपनाने फळ तोडायचे. फळ जड आणि देठ सैल असेल तर काम पटकन होते. ऑलिव्ह मात्र हलके आणि घट्ट धरलेले, ते सहजी दाद देत नाही.

मिशिगनमधली आंबट चेरी याच दशकात झपाट्याने यंत्रावर गेली. ही चेरी बहुतेक डबाबंद करून किंवा गोठवून विकतात, त्यामुळे थोडा मार चालून जातो. झाडाखाली उतरते कापड ताणलेले असते, त्यावरून चेरी घरंगळतात आणि थंड पाण्याच्या टाकीत जातात. सोसावे लागले ते झाडाला. रस चढलेला असताना खोडावरची साल सैल असते. पकड जरा सरकली की ती सोलून निघते आणि जखमेतून रोग शिरतो. म्हणून मला या यंत्रात कंपनाच्या गणिताइतकीच पकडीची गादी महत्त्वाची वाटते.

ताजे विकायचे सफरचंद असे पाडता येत नाही. फांद्यांवर आपटले की त्यावर डाग उमटतो. १९६८ मध्ये शर्ट्झ आणि ब्राउन यांनी संत्रावर्गीय फळे एकेक करून टिपणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये ‘मगाली’ हा सफरचंद तोडणारा रोबो तयार झाला. पण पानांआडचे फळ कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि दिसले तरी मध्ये फांदी येते.

खरी वाट फळबागेच्या आखणीतून निघाली. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राच्या एम-९ सारख्या खुंटांनी, म्हणजे ज्यांवर फळझाडाचे कलम बांधतात त्या मुळाकडच्या रोपांनी, झाडे बुटकी केली होतीच. १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टाटुरा येथे झाडे तारांवर इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात वळवली गेली. १९९०च्या दशकात स्पेनमध्ये ऑलिव्ह कुंपणासारखे दाट लावले आणि द्राक्षतोडणीचे यंत्र त्या ओळीवरून चालवले. आता सफरचंदाच्या नव्या बागा भिंतीसारख्या सपाट वाढवतात. २०१९ मध्ये न्यूझीलंडमध्ये हवेच्या ओढीने फळ खेचणाऱ्या रोबोने व्यापारी तोडणी केली ती अशाच बागेत. ते यंत्र बनवणारी कंपनी २०२१ मध्ये बंद पडली, पण बागांची ही रचना टिकली आहे. तिथे घोस विरळून फळे सुटी ठेवतात, कारण जोडफळातले एक खेचले की दुसरे खाली पडते.