पर्जन्यजल निचरा नियम (मुंबईतील नवी बांधकामे)

मुंबईत नवी इमारत किंवा वसाहत उभारताना भूखंडावरील पावसाचे पाणी कसे वाहून न्यायचे किंवा मुरवायचे, हे ठरवणाऱ्या अटी. त्या एका जागी सापडत नाहीत; विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४, बांधकाम परवानगीच्या अटी आणि महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्याचे अभिप्राय यांत विखुरलेल्या आहेत.

बांधकाम व्यवसायात तोंडपाठ असलेली अट भरणीची. सखल भूखंड टाऊन हॉल डेटमनुसार (मुंबईत जमिनीची उंची मोजण्याची ठरलेली संदर्भपातळी) किमान २७.५५ मीटर किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा ६ इंच उंच, यांपैकी जे जास्त असेल तिथवर मुरूम-मातीने भरायचा आणि रस्त्याकडे उतार काढायचा. (आकडा पाहून दचकू नये, या डेटमचे शून्य समुद्रसपाटीच्या बरेच खाली धरलेले आहे.) नवा टॉवर त्यामुळे कोरडा राहतो. शेजारची बैठी चाळ मात्र खळग्यात जाते, कारण कुंपणापलीकडची पातळी या अटीत येतच नाही.

शहराच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातले निम्मेच पाणी वाहून येईल, या हिशेबाने बांधलेल्या होत्या. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड (बृहन्मुंबई पर्जन्यजल निचरा) अहवालाने ताशी ५० मिलिमीटर आणि मुरणे शून्य, असा निकष सुचवला. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर हा फरक तासाला १२,५०० लिटरऐवजी ५०,००० लिटर एवढा होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर कुठे या अहवालाच्या कामांना वेग आला. तरी भरतीच्या वेळी पातमुखांतून (वाहिन्या समुद्राला मिळतात त्या तोंडांतून) पाणी समुद्रात जात नाही. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह येथील पंप त्यासाठीच आहेत.

मुरवण्याबाबत नियम सावध आहेत. आवश्यक मोकळ्या जागेपैकी किमान ६० टक्के जमिनीवर आणि त्यातली निम्मी उघड्या मातीची हवी. उरलेली ४० टक्के पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या खालच्या मजल्यांवरील उंचावलेल्या गच्चीवर, चालते. म्हणजे सक्तीची माती ३० टक्केच. मोठ्या भूखंडांवर २००२ पासून पर्जन्यजल संचयनही बंधनकारक आहे. भराव टाकून केलेल्या, भूजल वरच असलेल्या भागांत मात्र शोषखड्डा पावसाळ्यात लवकर तुडुंब भरतो. तिथे टाकीत साठवून बागेला, फ्लशला वापरणे सोयीचे.

भोगवटा प्रमाणपत्र मिळून सोसायटी स्थापन झाली, की आवारातल्या गटारांचा गाळ दर मे महिन्यात उपसणे तिच्याकडे येते.