टोचणारा नवा ब्रश फेकू नका, त्याला फुटू द्या!

मित्राने हौसेने डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश घेतला आणि चौथ्या दिवशी टाकून पण दिला. का तर म्हणे टोचतो, वास मारतो, फेसच होत नाही, माल खराब निघाला. अरे बाबा, खराब काही नव्हता, नवा होता!

हा केस म्हणजे केराटिन, आपल्या नखात असतं तेच प्रथिन. त्याचे बारीक तंतू केसाच्या लांबीला धरून उभे रचलेले असतात, त्यामुळे केस भिजला की पाणी त्या तंतूंच्या मधे घुसतं आणि केस जाडीला साधारण 15 टक्के फुगतो पण लांबीला जेमतेम एकदोन टक्केच वाढतो. वाळला की परत आक्रसतो. असं रोज फुगणं, आक्रसणं आणि वर गालावर घासणं चालू राहिलं की टोकं उभी चिरत जातात, बांबू कसा उभा पटकन चिरतो पण आडवा तोडायला जोर लागतो, तसंच. माझ्या जुन्या ब्रशचा गळलेला एक केस भिंगाखाली धरला तर टोकाला स्पष्ट चार फाटे दिसले, आणि नव्या ब्रशच्या केसाला जेमतेम दोन.

आता खरी गंमत बघा. केसाचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. म्हणजे एका टोकाचे चार सारखे फाटे झाले तर प्रत्येकाची जाडी निम्मी, म्हणून प्रत्येकाचा ताठपणा सोळावा हिस्सा, आणि चारही मिळून मूळच्या पाव! तेवढ्याच केसात टोचणं पाववर येतं, आणि साबणाचं पाणी धरून ठेवायला टोकं चौपट मिळतात, मग फेस का नाही होणार.

म्हणून पहिले दोनतीन आठवडे रोज कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, तळहातावर साबण घेऊन फेस काढा, धुवा आणि पूर्ण वाळू द्या. वास पण यातच जातो. उकळतं पाणी नको, केस आणि मुठीतला गोंद दोन्ही बिघडतात. पहिल्या महायुद्धात नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशमुळे सैनिकांना अँथ्रॅक्स हा जिवाणूंचा घातक आजार झाला होता हे खरं आहे, पण निर्जंतुक करायचं काम ब्रश बनवतानाच व्हायला हवं, घरी उकळून भरवसा नाही. आणि नैसर्गिक केस 'जिवंत' असतात, 'श्वास घेतात' असं जे विकणारे सांगतात ते साफ खोटं, केस मेलेलाच असतो. सिंथेटिक ब्रशचे धागे पाणी जवळजवळ पीतच नाहीत, त्यांना हे काहीच करायची गरज नाही.

ब्रश उलटा टांगला की सगळं पाणी निथळतं असंही खूप जण मानतात. पण केसांच्या दाटीत केशाकर्षण, म्हणजे बारीक फटीत पाणी धरून ठेवणारी ओढ, गुरुत्वाकर्षणाला भारी पडतं, पाणी मुळाशी अडकूनच राहतं. त्यापेक्षा जोरात झटका, टॉवेलवर हलकेच पुसा आणि मोकळ्या हवेत ठेवा, मग उभा ठेवा नाहीतर उलटा. बंद डब्यात मात्र ओला ठेवू नका, बुरशी धरते. पाणी दुष्फेन, म्हणजे साबणाचा फेस नीट न होणारं जड पाणी असेल तर कॅल्शियम आणि साबणाचा चिकट पांढरा थर केसांवर बसतो, तेव्हा कधीतरी पातळ व्हिनेगरमध्ये दोन मिनिटं बुडवून धुतलात की तो सुटतो.