सर्व्हिस क्लब

सर्व्हिस क्लब म्हणजे गावातल्या धंदेवाल्या-नोकरीवाल्या लोकांनी स्वतःच्या वर्गणीतून चालवलेला क्लब. आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला भेटायचं, एकत्र जेवायचं आणि त्या निमित्ताने गावासाठी काहीतरी करायचं. रोटरी, लायन्स, किवानिस, राउंड टेबल, इनर व्हील ही ओळखीची नावं. हे लोक जेवतात जास्त आणि काम करतात कमी, अशी आपल्याकडे त्यांची ख्याती आहे. ती अगदीच खोटी नाही, पण बसस्टॉपचं शेड, शाळेतली पाण्याची टाकी, स्मशानभूमीतले बाक यांवरच्या पाट्या एकदा वाचत फिरा म्हणजे दुसरी बाजूही दिसते.

सगळ्यात जुना रोटरी. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनिअर आणि एक शिंपी असे चौघे भेटले. मीटिंग आळीपाळीने, म्हणजे रोटेशनने, एकेकाच्या ऑफिसात व्हायची म्हणून नाव रोटरी. सुरुवातीला उद्देश साधा होता, ओळखी वाढवायच्या आणि एकमेकांना धंदा द्यायचा, समाजसेवा मागून आली. सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक होतं शिकागोत सार्वजनिक संडास बांधून घेणं (हे मला सगळ्यात आवडतं, कारण एवढं गरजेचं आणि एवढं बिनग्लॅमरचं काम दुसरं नाही). लायन्सही शिकागोचेच, १९१७ चे, विम्याच्या धंद्यातल्या मेल्विन जोन्सने सुरू केलेले. १९२५ मध्ये हेलन केलरने त्यांच्या अधिवेशनात तुम्ही अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं आणि तेव्हापासून लायन्स म्हटलं की डोळे हे समीकरण पक्कं झालं, आपल्याकडे मिरजेचं लायन्स नॅब आय हॉस्पिटल त्यातलंच. भारतात रोटरी १९१९ मध्ये कलकत्त्यात आली, मुंबईत १९२९ मध्ये, आणि लायन्सचा भारतातला पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत निघाला.

बायकांना मात्र रोटरीने बरीच वर्षं दाराबाहेर ठेवलं. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते क्लबने १९७७ मध्ये बायकांना मेंबर केलं तर रोटरीच्या मुख्य संघटनेने त्या क्लबलाच काढून टाकलं, मग कोर्टकचेऱ्या, शेवटी १९८७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दुआर्ते क्लबच्या बाजूने निकाल दिला. तोपर्यंत इंग्लंडमध्ये १९२४ मध्ये निघालेली इनर व्हील हीच रोटेरियनांच्या घरच्या बायकांची जागा होती. आपल्या क्लबांत मेंबरच्या बायकोला अ‍ॅन आणि मुलांना अ‍ॅनेट म्हणायची पद्धत अजूनही कानावर पडते.

मीटिंगचं एक ठरलेलं तंत्र असतं. प्रेसिडेंट गळ्यात कॉलर (पदाचा पट्टा) घालून घंटा वाजवतो, सेक्रेटरी मागचे निर्णय वाचतो, सार्जंट-अ‍ॅट-आर्म्स उशिरा आलेल्यांकडून गमतीगमतीत दंड वसूल करतो, पाहुण्याचं भाषण होतं, आभार, मग फेलोशिप, म्हणजे जेवण. आणि हे सगळं दरवर्षी १ जुलैला नव्याने सुरू होतं, कारण वर्ष जुलै ते जून आणि प्रेसिडेंट दरवर्षी नवा. जुलैमध्ये तालुक्याच्या पेपरात 'पदग्रहण सोहळा उत्साहात' या बातम्या रांगेने का येतात ते यावरून कळेल. ही एका वर्षाची पद्धत या क्लबांची ताकदही आहे आणि दुखणंही. ताकद अशी की नवीन माणूस नव्या जोमाने येतो, कुणी खुर्चीला चिकटत नाही. दुखण्याचं खाली येईलच.

पैसा कुठून येतो? ऑस्ट्रेलियात हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाबाहेर शनिवार-रविवारी सॉसेज भाजून पावात घालून विकतात, इंग्लंडात डिसेंबरमध्ये गाडीवर सांताक्लॉज बसवून गल्लोगल्ली देणगीचे डबे फिरवतात, आपल्याकडे स्मरणिकेला जाहिराती गोळा करतात आणि नाटकाची तिकिटं खपवतात, म्हणजे अर्ध्या मेंबरांनी विकत घ्यायची आणि उरलेल्या अर्ध्यांनी नातेवाइकांच्या गळ्यात मारायची. मोठं काम असेल तर रोटरी फाउंडेशनची ग्लोबल ग्रँट, त्यासाठी बजेट किमान ३०,००० डॉलर लागतं आणि दोन देशांतले क्लब भागीदार लागतात, एक जिथे काम आहे तिथला आणि एक बाहेरचा. हे फाउंडेशन १९१७ मध्ये सुरू झालं आणि त्यात आलेली पहिली देणगी होती साडेसव्वीस डॉलर.

छोट्या क्लबचं काम किती लांब जाऊ शकतं त्याचं एक उदाहरण आपल्या शेजारच्या गुजरातशी जोडलेलं आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टन-लिझार्ड रोटरी क्लबने २००० मध्ये एक कल्पना उचलली, एका पेटीत तंबू आणि घर गमावलेल्या कुटुंबाला लागणारं बाकीचं सामान भरून पाठवायचं, नाव शेल्टरबॉक्स. पहिल्या १४३ पेट्या गेल्या त्या जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातला. आणि पोलिओ तर सगळ्यांना माहीतच आहे, १९८५ पासून रोटरी त्यामागे लागली, बूथवर पिवळ्या टोप्या घालून बसलेले काका-काकू आठवत असतील, भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं.

आता परदेशातलं बालगृह. श्रीमंत देशांतल्या पुष्कळ क्लबांच्या यादीत हे एक काम हमखास असतं, नेपाळ, कंबोडिया, केनिया, कधी भारतही. सुरुवात बहुतेक वेळा एकाच प्रकारे होते, कुणीतरी मेंबर फिरायला जातो, तिथे एक अनाथाश्रम बघतो, परत येऊन मीटिंगमध्ये स्लाइड दाखवतो, सगळ्यांचे डोळे भरतात आणि ठराव पास. मग पाण्याची टाकी, सोलर पॅनेल, मुलींसाठी वेगळे संडास, शाळेची फी. बांधकामाचा पैसा डोळ्यांना दिसतो, फोटो निघतो, पाटी लागते. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार कुणाला दिसत नाही, म्हणून त्याला पैसे मिळणं अवघड.

यातली खरी अडचण पुढची आहे. अनाथाश्रमातली बहुतेक मुलं अनाथ नसतातच, आई किंवा वडील किंवा दोघंही हयात असतात, कंबोडिया आणि नेपाळमध्ये हे वारंवार समोर आलंय. गरिबीमुळे, शाळेच्या आशेने मूल दिलेलं असतं, आणि देणगीदार येतायत म्हटल्यावर मुलं गोळा करणारे दलालही तयार होतात. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१७ च्या चौकशीत हा प्रकार मानवी तस्करीशी जोडला, संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की मूल आधी कुटुंबात, संस्था शेवटचा पर्याय. आपल्या महाराष्ट्रातली बालसंगोपन योजना याच वळणाची, मुलाला संस्थेत न नेता त्याला सांभाळणाऱ्या घराला दरमहा मदत. त्यामुळे समजूतदार क्लब आता बालगृहाऐवजी शाळेची फी, आईला शिलाई मशीन, मुलाला परत घरी पाठवण्याचा खर्च असल्या गोष्टींकडे वळतायत. यात फोटो चांगला येत नाही हे खरंय.

भारतातल्या बालगृहाला बाहेरच्या क्लबने पैसे द्यायचे तर कागदपत्रं वेगळीच. संस्थेची बाल न्याय अधिनियम २०१५ खाली नोंदणी लागते, परदेशी देणगीसाठी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली परवानगी लागते, २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मेन ब्रँचच्या खात्यातच यावा लागतो आणि पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. परदेशी क्लबच्या खजिनदाराला हे फोनवर समजावणं म्हणजे एक स्वतंत्र प्रोजेक्टच.

आणि आता ते वर म्हटलेलं दुखणं. चार वर्षांचं मूल आश्रमात आलं तर अठराचं होईपर्यंत क्लबमध्ये चौदा प्रेसिडेंट होऊन जातात, प्रत्येकाला स्वतःच्या वर्षाचा वेगळा सिग्नेचर प्रोजेक्ट हवा असतो. जिथे क्लब अशा कामासाठी वेगळा ट्रस्ट काढतात किंवा निदान कमिटीत तीच दोन-तीन माणसं वर्षानुवर्षं ठेवतात तिथे पैसे वेळेवर जातात. बाकी ठिकाणी जुलैमध्ये कॉलर बदलते आणि फी भरायची राहिलीय हे ऑक्टोबरमध्ये कुणाच्या तरी लक्षात येतं.